परवानगी कोणाला, कशाची?

संकेतस्थळ जगापुढे ठेवण्यापूर्वी ते आपल्याच संगणकावर चालवून पाहण्याची पद्धत आहे. त्यासाठी संगणकावर सर्व्हर, म्हणजे मागितलेले पान ब्राउझरला पुरविणारा प्रोग्राम, बसवितात. त्याचा पत्ता १२७.०.०.१. समजा, तुम्ही पान लिहिले, हा पत्ता टाकला आणि पडद्यावर उमटले, '४०३ : मनाई'. संगणक तुमचा, पान तुमचे. मग मनाई केली कोणी?

अशा वेळी लिनक्स वापरणारे पुष्कळ जण 'सुडो' ही आज्ञा देऊन सारे काही प्रशासकाच्या, म्हणजे 'रूट'च्या, अधिकाराने चालवितात. हा इलाज रोगापेक्षा भयंकर आहे. का, ते पाहू.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम कोणत्या तरी वापरकर्त्याच्या नावाने चालतो. फाईल तुमच्या नावावर असते. पण उबुंटूवरील अपाची सर्व्हर ती वाचायला येतो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने. म्हणजे तुमच्या फाईलला तो परकाच!

परवानगीचे गणित सोपे आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचा १. यांची बेरीज तीन वेळा मांडतात : मालकासाठी, गटासाठी व इतरांसाठी. म्हणून ६४४ म्हणजे मालकाला वाचता व लिहिता येते (४+२), बाकीच्यांना केवळ वाचता येते. फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ 'आत शिरणे' असा होतो.

येथे एक गंमत आहे. फाईल ६४४ असूनही मनाई होऊ शकते. खोलीचे दार उघडे, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असला तर पाहुणा आत येणार कसा? उबुंटूच्या २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून वापरकर्त्याचे नवे घर-फोल्डर ७५० असते, इतरांसाठी शून्य. अशा वेळी अपाचीच्या दोषनोंदीत १३ हा क्रमांक दिसतो आणि वाटेतील एका भागावर परवानगी नसल्याचे लिहिलेले असते. उपाय एवढाच, की फोल्डर ७५१ करावे. त्यामुळे इतरांना त्यातून पुढे जाता येते, पण आतील यादी पाहता येत नाही. सरसकट ७७७ करणे म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती लेखणी देणे होय.

दुसरी अडचण पोर्टची. संगणकावर ० ते ६५५३५ असे पोर्ट-क्रमांक असतात. पत्त्यात क्रमांक लिहिला नाही, तर साध्या वेब पानासाठी ब्राउझर ८० धरतो. पण १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्स सामान्यतः प्रशासकासाठीच राखून ठेवते. एका संगणकावर अनेक जण काम करीत, त्या काळातील युनिक्सचा हा वारसा आहे. कोणीही उठून महत्त्वाच्या सेवेचे सोंग घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. तुमचा प्रोग्राम ८० वर अडला, तर त्याला ८०८० द्या आणि १२७.०.०.१:८०८० हा पत्ता टाका. मात्र 'पत्ता वापरात आहे' असा संदेश आला, तर प्रश्न परवानगीचा नव्हे. ती जागा दुसऱ्या प्रोग्रामने अडविली आहे.

आता 'सुडो'चा धोका लक्षात येईल. रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एखादी चूक राहिली, तर तिचा फायदा घेणाऱ्याच्या हाती तुमचा सारा संगणक जातो. शिवाय त्या प्रोग्रामने तयार केलेल्या फायली रूटच्या नावावर राहतात. उद्या 'सुडो'वाचून त्या तुम्हालाच बदलता येत नाहीत, आणि जुन्या अडचणीतून नवी निघते. अपाची स्वतः काय करतो पाहा : ८० हा पोर्ट उघडण्यासाठी तो रूटचा अधिकार वापरतो, पण पाने पुरविण्याचे काम ज्या उपप्रक्रिया करतात, त्या कमी अधिकाराच्या नावाने चालतात.

तेव्हा मनाई झाली की तीन प्रश्न विचारा : कोण, काय आणि कशावर करू पाहत आहे? जेथे अडले असेल तेथेच, जरूर तेवढीच परवानगी द्या.

करून पाहा : अपाचीवर नीट दिसणारे, तुमच्या नावावर असलेले एक पान घ्या. त्याची परवानगी ६४४ वरून ६०० करा व ब्राउझरमध्ये ते पुन्हा मागवा. काय दिसते? का दिसते? उत्तर सांगता आले, की परत ६४४ करायला विसरू नका.