मुळांनाही श्वास हवा

गोल्फच्या हिरवळीवर वर्षातून एक-दोनदा यंत्राने बोटभर जाडीची भोकं पाडतात. मातीच्या कांड्या बाहेर काढून त्या जागी वाळू भरतात. सतत तुडवली गेल्याने घट्ट झालेल्या जमिनीत पाणी मुरावं आणि हवा खेळावी, यासाठी हा खटाटोप.

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांचं दुखणं हेच आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती भिजली की फुगते आणि तिची छिद्रं मिटतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. म्हणून साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू फोफावतो आणि खोडातून डिंक गळू लागतो. उन्हाळ्यात जपलेलं झाड असं भर पावसात जावं, याचं फार वाईट वाटतं.

मात्र इथे वाळूची भोकं उपयोगाची नाहीत. काळी माती फुगून-आकसून तो मार्ग बिघडवते. त्यापेक्षा उतार पाहून दोन ओळींच्या मध्ये चर काढा, नवी लागवड उंच गादीवाफ्यावर करा, शेणखत-कंपोस्ट भरपूर घाला. आणि वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर बागेत मुळीच घालू नका.