रॅशनलचा रकाना

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून दहा-बारा वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर पुन्हा विद्यार्थिनीचा युनिफॉर्म चढवते आणि कॉलेजच्या बाकावर जाऊन बसते. शेजारची मुलगी नुकतीच डिप्लोमा होऊन आलेली, शिकवणारी ट्यूटर कदाचित हिच्यापेक्षा लहान. सलाइन लावणं हिला झोपेतही जमतं. मग ही इथे शिकायला काय आली?

या अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. नर्सेसच्या बोलण्यात नुसतं 'पोस्ट बेसिक'. आपल्याकडे नर्सिंगची पदवी सुरू झाली 1946 साली, दिल्लीत आणि वेल्लोरला. पण दवाखाने चालत होते ते डिप्लोमावाल्यांच्या जिवावर. त्यांना पदवीचं दार उघडून देणारा दोन वर्षांचा पहिला अभ्यासक्रम 1963 मध्ये तिरुवनंतपुरमला निघाला. पुढच्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग उभं राहिलं. आज महाराष्ट्रातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

प्रवेशाला बारावी, जीएनएम आणि राज्याच्या कौन्सिलची नोंदणी लागते. ही नोंदणी 'आरएनआरएम', म्हणजे परिचर्या आणि प्रसूती अशी दुहेरी. जुन्या काळी शिकलेल्या ब्रदरांना, म्हणजे पुरुष नर्सेसना, प्रसूतीचं प्रशिक्षणच नसायचं. त्यांनी त्याऐवजी ऑपरेशन थिएटर, मनोरुग्ण, क्षयरोग अशा एखाद्या विभागाचं प्रशिक्षण दाखवलं तरी चालतं.

नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा दूरशिक्षणाचा मार्ग आहे. तो 1994 पासून आहे आणि त्याला किमान तीन वर्षं लागतात. नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव असावा लागतो आणि प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. 'दूर' या शब्दाला मात्र भुलू नये. प्रॅक्टिकल रुग्णालयातच करावं लागतं आणि हजेरीही लागते. ड्युटी संपवून दुसऱ्या रुग्णालयात विद्यार्थिनी म्हणून उभं राहायचं, म्हणजे साप्ताहिक सुट्टीवर पाणीच सोडायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? पदवी घेतलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2017 साली तसा केला: नव्या नर्सेसनी परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी मिळवायची. आपल्याकडे ढकलणारा हात असतो तो जाहिरातीतल्या अटींचा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत पदवीधराला अनुभव विचारत नाहीत. डिप्लोमावाल्याला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कॉलेजात ट्यूटर व्हायचं किंवा एम.एस्सी. करायची तरी पदवीशिवाय गत्यंतर नाही. एम.एस्सी.ला पदवीत 55 टक्के हवेत. 'पास झालो की पुरे' म्हणणाऱ्यांना याची आठवण बहुधा निकालाच्या दिवशी होते.

पहिल्या वर्षातले विषय वरवर ओळखीचे वाटतात: मॅटर्नल, चाइल्ड हेल्थ, मेडिकल-सर्जिकल. जोडीला बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, आहारशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी. खरी ठेच लागते ती केअर प्लॅनला. तिथे एक तक्ता भरायचा असतो: रुग्णाची पाहणी, नर्सिंग डायग्नोसिस, उद्दिष्ट, कृती, रॅशनल, मूल्यमापन. कृतीचा रकाना आपल्या सिस्टर भराभर लिहून काढतात. 'दर दोन तासांनी कूस बदलणे', हे तर हाताला सवयीचं. पण शेजारी रॅशनलच्या रकान्यात, दर दोन तासांनी का, हे लिहायचं असतं. हाडाच्या उंचवट्यावर दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, पेशींना प्राणवायू मिळत नाही, कातडी मरू लागते आणि तिथे बेडसोर होतो. हा तक्ता डिप्लोमातही असतो. पण तेव्हा तो पुस्तकातून उतरवला जातो आणि ड्युटीच्या धबडग्यात विसरला जातो. दहा वर्षांत शेकडो पाठी पाहून झाल्यावर तोच रकाना पुन्हा समोर येतो, तेव्हा त्यात लिहायला स्वतःचे रुग्ण असतात. माझ्या मते पोस्ट बेसिकची निम्मी फी त्या एका रकान्यात वसूल होते.

दुसऱ्या वर्षी वॉर्ड सुटतो. कम्युनिटीच्या पोस्टिंगला घरोघरी जायचं असतं. वॉर्डात सिस्टरांचा शब्द चालतो. इथे दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबून 'येऊ का आत?' विचारावं लागतं. मग बॅग टेक्निक: आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचं सामान काढून हात धुवायचे आणि मगच आतल्या वस्तूंना हात लावायचा. बेसिन नसलेल्या घरात निर्जंतुकपणा कसा सांभाळायचा, याचं ते शिस्तबद्ध उत्तर आहे.

सोबत मानसिक आरोग्य, समाजशास्त्र, नर्सिंग एज्युकेशन, प्रशासन आणि सगळ्यांना धडकी भरवणारा विषय: रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. त्यात एक छोटा प्रकल्प करायचा असतो. इथे एक ठरलेला साचा आहे. विषय कुठलाही असो, एक प्रश्नावली, मग 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम', मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात, टी-टेस्ट लावतात, बाइंडिंग होतं. शिकवल्यावर लोकांना जास्त समजतं हे सिद्ध करायला एवढी आकडेमोड कशाला, असं वाटल्याशिवाय राहत नाही. अनुभवी नर्सला याहून चांगले प्रश्न सुचू शकतात. सलाइनसाठी शिरेत घातलेल्या कॅन्युलाची जागा कोणत्या दिवशी लाल होते, मनगटावर लवकर होते की हातावर, हे तिला अंदाजाने माहीत असतं. महिनाभर रोज नोंद ठेवली तर त्या अंदाजाचा आकडा होतो.

सरकारी नोकरीतल्या अधिपरिचारिकांचं गणित आणखी निराळं. आधी ना हरकत प्रमाणपत्र, मग रजा मंजूर होण्याची वाट, आणि परत येऊन ठरावीक काळ सेवा करीन असं बंधपत्रही अनेकदा लिहून द्यावं लागतं. अर्जाच्या फाइलीतले कागद अभ्यासाच्या नोट्सपेक्षा आधी जमवायला घ्यावेत. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात. त्याआधी सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

निकाल लागला तरी फेरे संपत नाहीत. नव्या पदवीची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हता म्हणून करून घ्यायची असते. ते प्रमाणपत्र हातात आलं की आस्थापना विभागात जाऊन सेवापुस्तकात नोंद करवून घ्यायची आणि ती झाली का, हे पान उघडून आपल्या डोळ्यांनी बघून यायचं.