तोच प्रश्न पुन्हा आला म्हणे!

"अहो वहिनी, कालच्या पाळीतला प्रश्न आज सकाळी जसाच्या तसा आला म्हणे!"

बारामतीतल्या एका परीक्षा केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत आम्ही पाच-सहा आया बसलो होतो. साल २०२४. ७ मे ला लोकसभेचं मतदान झालेलं, बोटावरची शाई अजून गेली नव्हती, आणि त्याच आठवड्यात माझ्या थोरलीची सीईटी. दुपारी दोन ते पाचची पाळी. इंदापूरहून निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत एसटीनं आलो होतो. लेक आत गेली आणि बाहेर आमची परीक्षा सुरू झाली.

त्या बाईंचं बोलणं ऐकलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. कारण माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये एक पीडीएफ होती. 'आधीच्या पाळ्यांत आलेले ४० प्रश्न.' आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला होता. अनोळखी माणसाला मी पाचशे रुपये पाठवले. आमच्या ह्यांना सांगितलंसुद्धा नाही. रात्री अकरा वाजता ती पीडीएफ लेकीपुढे धरली. तिनं वरवर पाहिली आणि म्हणाली,

"आई, तुला माझ्यावर भरवसा नाही का?"

मैत्रिणींनो, दोन वर्षं तिच्यासोबत पहाटे उठून चहा करणारी मी. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी ती बाहेर आली. चेहरा उतरलेला. परतीच्या एसटीत बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आई, त्यातले तीन प्रश्न आले. म्हणजे तसेच वाटले." झालं! माझ्या मनातली शंका पक्की झाली. ज्यांनी अख्खी रात्र त्या पीडीएफवर घालवली, त्यांचं भलं झालं. माझी प्रामाणिक पोर मागे राहिली. घरी येऊन मी भाकरीसुद्धा धड थापली नाही.

थोड्या दिवसांनी सीईटीच्या संकेतस्थळावर प्रत्येकीला तिच्या लॉगिनमध्ये तिचाच पेपर, तिनं दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दिसायला लागली. आम्ही दोघींनी ती पीडीएफ एका बाजूला आणि तिचा पेपर दुसऱ्या बाजूला ठेवला. तिला शिकवणाऱ्या सरांनाही बोलावलं. सर म्हणाले, "ताई, आधी मोजू. मग भांडू."

मोजलं. ४० पैकी खरंच तीन प्रश्न सारखे. त्यातले दोन बारावीच्या पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायाचे निघाले, फक्त आकडे बदललेले. तिसरा मात्र शब्दन् शब्द तोच. मी म्हटलं, "बघा!" लेक उठली, तिचं जुन्या सीईटी प्रश्नांचं जाड पुस्तक घेऊन आली, पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. तोच प्रश्न. शेजारी तिनंच पेन्सिलीनं केलेली बरोबरची खूण. दोन महिन्यांपूर्वी तिनं तो सोडवला होता. मी पाचशे रुपये देऊन तिचंच पुस्तक परत विकत घेतलं होतं!

आपल्या पिढीला हे खरं तर कळायला हवं. आपण '२१ अपेक्षित' घेऊन दहावी-बारावी झालो. तेच तेच प्रश्न फिरून येतात, हे आपल्याला पाठ होतं. त्याला आपण कधी पेपरफुटी म्हटलं नाही. सीईटीचंही थोडं तसंच. गणित गटाच्या पेपरात भौतिकशास्त्राचे ५०, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचे ५० असे १५० प्रश्न, एकूण २०० गुण. साधारण ८० टक्के भाग बारावीचा, २० टक्के अकरावीचा. ही परीक्षा संगणकावर अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा पाळ्यांत होते आणि प्रत्येक पाळीला वेगळा पेपर असतो. पण पुस्तकं तीच, धडे तेच. मग सख्खी नाही तरी चुलत भावंडं दिसणारच. त्यात मुलं बाहेर येऊन सांगतात ते आठवणीतून. आकडे विसरतात, विषय तेवढा लक्षात राहतो. 'संधारित्राचा प्रश्न आला होता' याचं ऐकणारीपर्यंत 'तोच प्रश्न आला' होतं.

मग पेपर वेगवेगळे असताना बरोबरी कशी करायची? त्यासाठी पर्सेंटाइल. हे टक्के नव्हेत बरं का. समजा तुमच्या मुलीच्या पाळीत १०० मुलं बसली आणि त्यातल्या ९२ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी असले, तर तिचं पर्सेंटाइल ९२. म्हणजे तिची तुलना तिच्याच पाळीतल्या मुलांशी. पाळी अवघड आली तर सगळ्यांनाच अवघड. ही गणना सात दशांश स्थळांपर्यंत जाते.

आणि इथंच सरांनी एक गोष्ट कबूल केली. "ताई, तुमची शंका वेडी नव्हती. एखाद्या पाळीतल्या काहींनाच प्रश्न आधी कळले, तर त्याच पाळीतली बाकीची पोरं खाली ढकलली जातात." म्हणूनच अशा गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत. त्याच २०२४ मध्ये नीटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटला याबद्दल वाद नाही, असं न्यायालयानं २३ जुलैला म्हटलं. पण सगळ्या परीक्षेवर परिणाम झाल्याचा पुरावा नाही म्हणून परीक्षा रद्द केली नाही. पुढच्या वर्षी आपल्या सीईटीतही घोळ झाला. २७ एप्रिल २०२५ च्या एका पाळीत गणिताच्या इंग्रजी पेपरातले २१ प्रश्न चुकीचे निघाले. मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवला. ५ मे ला त्या पाळीतल्या सुमारे २७ हजार ८०० मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

अमेरिकेतही हेच. तिथं कॉलेजप्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा असते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या मुलांना जो पेपर मिळाला, तो आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आशियात दिलेला होता. तो आधीच बाहेर फिरत होता. मोठा गदारोळ झाला. अशा परीक्षांत काही प्रश्न मुद्दाम परत वापरतात, दोन पेपरांचा अवघडपणा तोलण्यासाठी. पण ते तोवरच चालतं, जोवर तो प्रश्न कुलपात आहे.

मग आपण आयांनी काय करायचं? मी ठेचकाळून शिकले ते सांगते. शंका आली तर ग्रुपवर टाकू नका, कागदावर लिहा: तारीख, पाळी, विषय, प्रश्न. उत्तरं लॉगिनमध्ये आली की पुस्तकाशी ताडून बघा. प्रश्नच चुकीचा वाटला तर मुदतीत आक्षेप घ्या. आमच्या वेळी एका प्रश्नाला हजार रुपये भरावे लागत, म्हणून आधी शिक्षकांना दाखवा. आणि कुणी 'उद्याचा पेपर' विकायला आला, तर पैसे देऊ नका. खोटा असेल तर पैसे बुडाले. खरा असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीच्या वाट्याचा आहे.

जूनमध्ये निकाल लागला. माझ्या लेकीला ९१ च्या आसपास पर्सेंटाइल मिळालं. पुण्यातलं पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं, पण इंजिनिअरिंगला गेली. आता सुट्टीला आली की धाकटीचा अभ्यास घेते.

परवा शेजारची वहिनी संध्याकाळी आली. तिचा मुलगा यंदा बारावीला. पदराआडून मोबाईल काढत हळूच म्हणाली, "काकू, सातशेला देतोय एकजण. घेऊ का?"

मी आत गेले, थोरलीचं ते जाड पुस्तक काढलं आणि पेन्सिलीची खूण असलेलं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "बस जरा. चहा टाकते. मी पाचशेला काय विकत घेतलं होतं, ते तुला सांगते."