सँडविचचा पडता भाव : गल्ला भरतो, नफा कुठे जातो?

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि हिंदी विश्वविद्यालय यांमुळे वर्धा परिसरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा मोठा वावर असतो. अशा ठिकाणी तर्री-पोह्यांच्या जोडीला सँडविचचे दुकान काढण्याचा विचार अनेक तरुणांच्या मनात येतो. भांडवल थोडे लागते आणि पदार्थही सोपा आहे. मात्र किंमत ठरवताना बहुतेक जण शेजारच्या दुकानाचा फलक पाहतात. शेजाऱ्याची जागा स्वतःची आहे की भाड्याची, त्याच्याकडे नोकर आहेत की घरचीच माणसे राबतात, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. त्यामुळे गल्ला रोज भरतो आणि महिनाअखेर हाती काहीच उरत नाही, असे घडू शकते.

आधी वजन, मग किंमत

राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी सुरू केलेली शिवभोजन थाळी या बाबतीत चांगले उदाहरण आहे. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे थाळीचे प्रमाण ठरविण्यात आले होते. शहरी भागात तिची किंमत ५० रुपये, तर ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली. ग्राहकाने सुरुवातीला १० रुपये द्यायचे आणि उरलेली रक्कम शासनाने अनुदान म्हणून केंद्रचालकाला द्यायची, अशी ती योजना होती. दुकानदाराला असे अनुदान कोणी देत नाही. पडत्या भावातील चूक त्याच्याच खिशातून भरली जाते.

सँडविचचाही हिशेब असाच ग्रॅममध्ये मांडावा लागतो. पुढील भाव केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. ब्रेडचा पुडा ४५ रुपयांचा आणि त्यात २० काप आहेत, असे समजू. कडेचे दोन काप वापरात येत नाहीत. उरलेल्या १८ कापांत नऊ सँडविच होतात, म्हणजे ब्रेडचे ५ रुपये. बटाटा ३४ रुपये किलोने घेतला, तरी उकडून सोलल्यावर ८५० ग्रॅम उरला, तर त्याचा खरा भाव ४० रुपये पडतो. ५० ग्रॅमचे २ रुपये झाले. कांदा, टोमॅटो व काकडीचे घट धरून ३ रुपये, ६०० रुपये किलोच्या १० ग्रॅम लोण्याचे ६ रुपये, चटणी व मसाल्याचे २, सॉसचे २ आणि कागदी प्लेट व नॅपकिनचे २ रुपये धरू. बेरीज २२ रुपये होते. नासाडीसाठी २ रुपये मिळवले की पडता भाव २४ रुपये होतो. वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यात भाजी लवकर कोमेजते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नासाडीचा आकडा वाढवूनच धरावा.

टक्केवारीपेक्षा रुपये पाहा

विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असावा, असा उपाहारगृहांच्या व्यवसायातील ढोबळ संकेत आहे. २४ रुपयांचे सँडविच ६० रुपयांना विकले तर हा वाटा ४० टक्के होतो आणि प्रत्येक नगामागे ३६ रुपये उरतात. यातूनच भाडे, पगार व वीज भागवायची असते. भाडे ८ हजार, मदतनीस १० हजार, वीज व गॅस ४ हजार, दुरुस्ती व इतर खर्च ३ हजार आणि मालकाचा स्वतःचा मेहनताना १५ हजार असा महिन्याचा ४० हजारांचा खर्च धरू. तो भरून निघण्यासाठी १,११२ सँडविच, म्हणजे २६ दिवस दुकान चालवून रोज ४३ विकावे लागतील. मालकाचा मेहनताना हिशेबात न धरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय.

आता स्पर्धेपोटी किंमत ५० रुपये केली, तर नगामागे २६ रुपयेच उरतात आणि रोज ६० सँडविच विकणे भाग पडते. किंमत सहाव्या हिश्श्याने उतरते, पण विक्री ३८ टक्क्यांहून अधिक वाढवावी लागते. महाविद्यालयांना सुट्या लागल्यावर एवढे ग्राहक आणायचे कोठून, हा प्रश्न किंमत उतरविण्यापूर्वीच विचारायला हवा.

याउलट चीज सँडविचचा पडता भाव ३९ रुपये आणि विक्री ८५ रुपये धरली, तर कच्च्या मालाचा वाटा ४६ टक्क्यांवर जातो. संकेताप्रमाणे हा पदार्थ महाग पडला, परंतु नगामागे ४६ रुपये उरले. दुकानाचे भाडे रुपयांत द्यायचे असते, टक्क्यांत नव्हे. म्हणून फलकावर कोणता पदार्थ ठळक असावा, हे उरणाऱ्या रकमेवरून ठरवावे.

हिशेब बदलता ठेवा

वजनकाट्याला पर्याय नाही. लोणी १० ऐवजी १५ ग्रॅम लागले, तर नगामागे ३ रुपये जातात आणि महिन्याला ३,३०० रुपयांहून अधिक रक्कम तव्यावर वितळते. ठोक बाजारात कांदा-टोमॅटो भडकले की लगेच किंमत वाढविणे योग्य नाही. वर्षाचा सरासरी भाव धरूनच दर ठरवावा. करातील बदल मात्र तात्काळ नोंदवावेत. लोणी व चीजवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला खरेदीवरील कराचा परतावा मिळत नसल्याने तो त्याच्या पडत्या भावाचाच भाग असतो.

दर तीन महिन्यांनी हा तक्ता नव्याने मांडणाऱ्या दुकानदाराला किंमत वाढवायची, प्रमाण बदलायचे की एखादा पदार्थच बंद करायचा, याचा निर्णय वेळेवर घेता येतो. उधारी थकल्यावर केलेला हिशेब केवळ तोटा किती झाला एवढेच सांगतो.