शिसवी म्हणजे शीशम नव्हे

मावसभावाने ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि गणपतीच्या आधी घर लावायचं म्हणून मावशी चिपळूणहून आली. भाऊ, वहिनी, मावशी आणि मी अशी चौघांची वरात एका मोठ्या दुकानात शिरली. सेल्समनने पहिल्याच पलंगावर थाप मारली. "काकू, प्युअर शीशम. सॉलिड."

मावशीने वाकून पलंगाची खालची, पॉलिश न केलेली बाजू पाहिली. "शिसवी असं पिवळट नसतं रे."

"काकू, शीशम म्हणजेच शिसवी."

मावशी गप्प बसली. बरोबर मात्र तीच होती.

आपल्याकडे शिसवी पलंग, शिसवी कपाट, शिसवी झोपाळा म्हणतात ते लाकूड डालबर्जिया लॅटिफोलिया या झाडाचं. हे सह्याद्रीतलं आणि दक्षिण भारताच्या पानझडी जंगलांतलं झाड. गाभा गडद, जांभळट काळा. शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू. तो उत्तरेचा, हिमालयाच्या पायथ्याशी नदीकाठी वाढणारा, पंजाब-उत्तर प्रदेशात रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेला लावलेला. त्याचं लाकूड सोनेरी तपकिरी, मधूनमधून काळ्या रेघा. दोघं एकाच कुळातले, पण भाव वेगळा, रूप वेगळं. शीशम वाईट नाही, उलट फर्निचरला उत्तम. फक्त शिसवीच्या आठवणीला शीशमचं बिल लावू नये, इतकंच.

त्याच पलंगावर पुढे चिठ्ठी होती, 'वॉलनट फिनिश'. वहिनीला वाटलं अक्रोडाचं लाकूड. फिनिश हा पॉलिशचा रंग असतो, लाकडाची जात नव्हे. वॉलनट फिनिश, हनी फिनिश, टीक फिनिश या नावांखाली आंब्याचं लाकूड असू शकतं, बाभळीच्या कुळातलं असू शकतं, किंवा वर कागद चिकटवलेला भुशाचा बोर्डही. 'सॉलिड वुड' हे शब्दसुद्धा पुष्कळदा फक्त चौकटीपुरते खरे असतात. पाठ आणि ड्रॉवरचा तळ पातळ प्लायचा किंवा एमडीएफचा निघतो. त्यात गैर काही नाही, पण बिलावर कुठला भाग कशाचा हे लिहून घ्यावं. आणि मावशीसारखं वाकून खालून बघावं. पॉलिशवाल्याचा हात तिथवर सहसा पोचलेला नसतो.

अस्सल लाकूड कधी हलत नाही, फुगत नाही, हाही एक समज. वस्तुस्थिती उलटी आहे. लाकूड कितीही वाळवलेलं असो, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रेषांच्या आडव्या दिशेने ते फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. कोकणातल्या दारांना जुलैत खांदा का लावावा लागतो, त्याचं कारण हेच. जोधपूरच्या कोरड्या हवेत जुळवलेलं टेबल ठाण्याच्या पावसाळ्यात आलं की त्याचे ड्रॉवर अडणार, आणि दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत त्याच टेबलाला चीर पडू शकते. चांगला सुतार म्हणून फळीला खाचेत थोडी मोकळीक ठेवतो. फळी चारही बाजूंनी फेविकॉलने घट्ट चिकटवली की ती कुठेतरी तडकणारच.

मावशीचाही एक ठाम समज होता. "सागवान घ्या, सागाला वाळवी लागत नाही." अर्धं खरं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. पण गाभ्याबाहेरचं पांढरट लाकूड या संरक्षणाबाहेर असतं आणि वाळवी ते खाते. लागवडीतल्या कोवळ्या झाडांत या पांढऱ्या लाकडाचं प्रमाण जास्त. म्हणजे 'सागवान' एवढं ऐकून भागत नाही. फळीत पांढरा पट्टा किती, ते वखारीत उजेडात धरून बघायचं.

शिवाय खुर्चीखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं की घरात ओरडा होतो, वाळवी लागली. बहुतेक वेळा तो भुंगेरा असतो. वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते, आतून पोखरते, पीठ सांडत बसत नाही. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा ही भुंगेऱ्याची खूण. हा फरक कळला नाही तर लाकडात बसलेल्या किड्यासाठी आपण जमिनीत आणि भिंतीत औषध भरून घेतो.

"बर्मा टीक आहे" हे वाक्य अजून दुकानादुकानांत ऐकू येतं. म्यानमारने अख्ख्या ओंडक्यांची निर्यात 1 एप्रिल 2014 पासून थांबवली. आज बाजारातला बराचसा आयात साग आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीतून येतो. आणि आपल्या आलापल्लीचा, चंद्रपूर-गडचिरोलीचा साग काही कमी नाही. अयोध्येच्या राम मंदिरासाठी 2023 मध्ये साग गेला तो बल्लारपूरच्या डेपोतून. ठाण्यातल्या माणसाला बर्मा जवळचा आणि बल्लारपूर लांबचं का वाटतं, हे मला कळलेलं नाही.

प्लाय म्हणजे नकली लाकूड, या समजाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, कारण नव्या घरातलं बहुतेक फर्निचर शेवटी प्लायचंच होतं. प्लाय लाकूडच आहे. ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे सोलतात आणि एकावर एक चिकटवतात. प्रत्येक थराच्या रेषा खालच्या थराला काटकोनात ठेवतात आणि थरांची संख्या विषम ठेवतात. आडवा थर उभ्याला फुगू देत नाही, उभा आडव्याला. जे फुगणं सॉलिड फळीत आवरता येत नाही, ते प्लायमध्ये थरच एकमेकांना आवरतात. आठ बाय चारचा सरळ, न वाकणारा तुकडा निसर्गातल्या फळीतून मिळणं कठीण.

मात्र "वॉटरप्रूफ प्लाय" या शब्दाने पुष्कळ स्वयंपाकघरं बुडवली आहेत. आयएस 303 या मानकात साध्या वापराचा प्लाय येतो, आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. मरीन प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पण तपासतात काय, तर थर सुटतात का ते. ही परीक्षा डिंकाची आहे. लाकूड पाणी पिणारच. सिंकखालच्या कपाटाच्या कडा उघड्या ठेवल्या, सिंकच्या भोकाची कापलेली कड रंगवली नाही, तर मरीन प्लायही काळा पडतो. तेव्हा प्लायचा शिक्का पाहून झाला की सुताराने कडा कशा बंद केल्या ते पाहावं. शिक्क्याबद्दलही एक सांगतो. आयएसआय चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा ते कळतं. आमच्या मिस्त्रींसमोर भावाने तो टाकून पाहिला, तर मिस्त्री थोडे रुसले. नंतर त्यांनीच अ‍ॅप उतरवून घेतलं.

एमडीएफला लोक उगाच नाक मुरडतात. भुसा नव्हे, लाकडाचे तंतू दाबून ते करतात. त्याला रेषा नसतात, म्हणून कोरीव खाचा आणि रंग त्यावर प्लायपेक्षा सफाईदार बसतात. कोरड्या खोलीतल्या कपाटाच्या दारांना ते छान. पाण्याजवळ आणि वजन पेलायला ते नको, आणि कडेतून स्क्रू मारला तर धरत नाही. या बोर्डांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, ही भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. पण भीतीचं प्रमाणही कळावं. ई वन, ई झीरो हे शिक्के किती वायू सुटतो त्याची मर्यादा सांगतात, वायू गरम दमट हवेत जास्त सुटतो आणि काळ जाईल तसा कमी होतो. नवं फर्निचर केल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि बोर्डाची एकही कड उघडी सोडायची नाही.

सोफ्याच्या दालनात वहिनीला लेदरेटचा क्रीम रंगाचा सोफा आवडला. कापड मळतं, रेक्झिन पुसलं की झालं, असा तिचा हिशेब. पण पॉलियुरेथेनचा मुलामा असलेल्या कृत्रिम लेदरचा शत्रू मळ नाही, दमट हवा आहे. ओलावा आणि उष्णता मिळून त्या मुलाम्याची रासायनिक साखळीच तोडतात आणि काही वर्षांत पोपडे सुटायला लागतात. त्यावर कुणी बसलं नाही तरी सुटतात. सोफ्यावरचं कंपनीचं प्लास्टिक वर्षभर न काढणारी मंडळी ओलावा आत कोंडून काम आणखी सोपं करतात. मुंबई-ठाणे-कोकणात काढून धुता येणारं सुती कव्हर हा कंटाळवाणा पण शहाणा पर्याय. तसंच "40 डेन्सिटीचा फोम, एकदम कडक" हे वाक्य. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. ती फोम किती वर्षं टिकेल ते सांगते, कडक की मऊ ते नाही. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम पहिल्या महिन्यात मस्त कडक.

आता दुकानांतल्या आणखी एका शब्दाकडे येऊ, 'मॉडर्न'. आधुनिक म्हणजे नवं, परदेशी आणि राखाडी, असा दुकानांचा एकूण सूर. परळच्या किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या इराण्याकडे बनमस्का खाताना आपण ज्या वाकवलेल्या काळ्या लाकडी खुर्च्यांवर बसलो, त्या आठवा. त्यांचं मूळ व्हिएन्नात आहे. मायकेल थोनेटने 1859 मध्ये बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलं आणि चौदा नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. म्हणजे खोक्यात येणारं, घरी जोडायचं फर्निचर ही आजची टूम समजू नका, ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. आधुनिक फर्निचरच्या इतिहासाचं एक पान चहा-मस्क्याच्या वासात आपल्या बुडाखाली होतं.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. 1950 च्या दशकात चंडीगड उभं राहत होतं तेव्हा वास्तुकार ल कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानेरे याने तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारख्या पायांच्या. पुढे त्या मोडल्या, गच्चीवर टाकल्या, भंगारात लिलाव झाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, डागडुजी केली आणि मोठ्या किमतींना विकल्या. 2011 मध्ये गृह मंत्रालयाला या वारशाची विक्री थांबवण्याचा आदेश काढावा लागला. आज त्याच खुर्चीची नक्कल 'इंटरनॅशनल डिझाइन' म्हणून आपल्याच दुकानात उभी असते. उलट चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं 1958 मध्ये भारतात हिंडलं आणि इथल्या डिझाइनवरच्या त्यांच्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. त्या अहवालाच्या पाठोपाठ अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, 1961 मध्ये.

वेताबद्दल एक जाता जाता. वेताची जाळी सैल पडली की लोक खुर्ची टाकतात. खरा वेत असेल तर खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळू द्यावा, बराचसा ताण परत येतो. प्लास्टिकच्या वेताला हा उपाय लागू नाही. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत या जाळ्या विणायला अंध कारागीर नेमत. बोटांना दिसतं तेवढं पुरत असे.

दिव्यांचं थोडक्यात. पांढरा दिवा जास्त उजेड देतो हे खरं नाही. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, रंग केल्विनमध्ये. 9 वॅटचा एलईडी साधारण 900 ल्युमेन देतो, मग तो 3000 केल्विनचा पिवळसर असो की 6500चा निळसर पांढरा. भाजी चिरायला पांढरा ठीक, दिवाणखान्यात मात्र त्याने घराचा दवाखाना होतो.

भावाचा पलंग शेवटी शीशमचाच आला, शीशमच्या भावात. सोफा मी निवडला. खोलीचं माप घेतलं, भिंतीचं घेतलं, टीव्हीपासूनचं अंतरही घेतलं. लिफ्टच्या दाराचं माप घ्यायचं राहिलं. सहा-आठ माणसांच्या लिफ्टचं दार साधारण 70 ते 80 सेंटिमीटर उघडतं, सोफ्याची खोली त्याहून जास्त, आणि जिन्याच्या वळणावर पाठ अडते. चार हमाल आणि मी तिसऱ्या मजल्यावर तासभर तो फिरवत होतो. मावशी सातव्यावरून हळूहळू खाली आली, पिशवीतून सुतळी काढली, सोफा मापला, जिना मापला.

"पाय निघतात का बघ," ती म्हणाली.

खाली वाकून बघितलं. चारही पाय स्क्रूचे होते.