घोड्याचा प्रवास आणि छातीतला कफ

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापासून घोडे ट्रकमधून, ट्रेलरमधून येतात. घेणारा दात पाहतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरेही मोजतो. घोडा घरी कसा न्यायचा, हा विचार मात्र बहुधा सौदा झाल्यावर सुरू होतो.

प्रवासातल्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा बांधलेल्या दोरीत असते. मान खाली घालून चरताना घोड्याच्या श्वासनलिकेतला कफ आणि धूळ नाकाकडे निथळून जाते. गाडीत तोंड वर बांधले की हा निचरा अडतो आणि काही तासांतच जंतू वाढू लागतात. पुढे होणाऱ्या फुप्फुसाच्या संसर्गाला ‘शिपिंग फीवर’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतात म्हणून न खोकणाऱ्या रुग्णाच्या छातीत कफ साठतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून लांबच्या प्रवासात दर चार-पाच तासांनी गाडी थांबवून घोड्याला मान पूर्ण खाली घालू द्यावी, पाणी दाखवावे. चारा थोडा भिजवून दिला तर धूळ उडत नाही. लघवीने भिजलेल्या गवताचा अमोनिया श्वासनलिकेला झोंबतो. तेव्हा थंडी असली तरी ताडपत्रीने गाडी चहूबाजूंनी बंद करू नये.

तयारी आठवडाभर आधी सुरू झालेली बरी. उभ्या गाडीत घोड्याला रोज चढवावे, तिथेच खायला घालावे. ऐन वेळी चाबूक आणि आरडाओरडा करून चढवलेला घोडा पुढच्या खेपेला आणखी अडतो. गाडीच्या तळाला रबरी चटई हवी. दोरीची गाठ एका झटक्यात सुटणारी असावी. शांत राहावा म्हणून परस्पर गुंगीचे औषध देणे धोक्याचे. चालत्या गाडीत त्याचा तोल जातो. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला नियमाने लागतोच. त्याच वेळी धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही विचारावे.

उतरल्यावर तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. घोड्याचे 101 अंश फॅरनहाइट हे स्वाभाविक तापमान असू शकते, 101.5 च्या वर गेले, किंवा चारा सुटला, तर पशुवैद्यकाला बोलवावे. खोकल्याची वाट पाहू नये, तो उशिरा येतो.

घोडा चढवणाऱ्या माणसाने त्याच्या थेट मागे उभे राहू नये. पोटावर बसलेल्या लाथेने बाहेर खरचटतेही कमी, पण आत प्लीहा फाटलेली असू शकते. चक्कर, घाम, वाढती पोटदुखी असेल तर तडक रुग्णालय गाठावे. लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे पायाला लागलेला साधा खिळाही दाखवावा.