राखणीचा कुत्रा व घरचे मांजर : त्यांच्या अन्नाची निवड

बैल, गाय व शेळी यांच्या चाऱ्याचा हिशेब प्रत्येक शेतकरी ठेवतो. राखणीचा कुत्रा आणि कणगीपाशी उंदरांवर पाळत ठेवणारे मांजर मात्र या हिशेबात क्वचितच येतात. घरात उरलेले, शिळे झालेले किंवा माणसाने खाण्यास अयोग्य ठरलेले अन्न त्यांच्यापुढे टाकण्याची सर्वत्र रीत आहे. उरलेले चांगले अन्न देण्यास हरकत नाही. परंतु कुत्र्यास टाकले म्हणजे ते घराबाहेर गेले, ही समजूत खरी नाही.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण कच्च्या काळजाचे होय. जत्रेत किंवा घरच्या कार्यात बोकड वा मेंढा कापल्यावर त्याच्या काळजात किंवा फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले पांढरट फुगे आढळतात. असा भाग कोणी शिजवीत नाही. तो कुत्र्यापुढे टाकला जातो. या फुग्यांत एका बारीक पट्टकृमीचे अंकुर असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे पूर्ण कृमी बनतात. हा कृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो आणि कुत्रा वरून धडधाकट दिसतो, त्यामुळे कोणास शंका येत नाही. सुमारे सहा-सात आठवड्यांनंतर कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडू लागतात. ती चाऱ्याबरोबर शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात. तशीच ती न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून किंवा कुत्र्याच्या अंगावरून हात फिरविणाऱ्या मुलाच्या बोटांवरून माणसाच्या पोटातही जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात मग तशीच पाण्याची गाठ तयार होते. ती अनेक वर्षे सावकाश वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुटका होत नाही.

उपाय मात्र कष्टाचा नाही. आइसलँड या मेंढपाळांच्या देशात हा रोग एके काळी फार माजला होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्बे यांनी १८६३ मध्ये तेथे जाऊन पाहणी केली. रोगाची माहिती देणारी त्यांची छोटी पुस्तिका १८६४ मध्ये तेथील घरोघर फुकट वाटण्यात आली. गाठी असलेले अवयव कुत्र्यांच्या तोंडी पडू नयेत, हे लोकांनी मनावर घेतले. पुढे कायदेही झाले व कालांतराने तो रोग त्या देशातून नाहीसा झाला. आज हाताशी असलेले प्रभावी औषध त्या काळी नव्हते, ही गोष्ट गावपातळीवर काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे जत्रेच्या आधी गावात एक बैठक घेऊन कापण्याच्या जागेजवळ खोल खड्डा खणविला, तरी पुष्कळ काम होईल. गाठी असलेला भाग जाळावा किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. निरोगी दिसणारे काळीज, वजडी किंवा आतडी कुत्र्यास द्यावयाची असल्यास त्यांचे लहान तुकडे करून किमान अर्धा तास चांगले उकळावे. मेंढवाड्यातील व राखणीच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंतांचे औषध वर्षातून चार वेळा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाजावे.

जी गोष्ट मांसाची, तीच धान्याची. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी आली. तो मका खाणाऱ्या आदिवासी कुटुंबांत काविळीची व पोटात पाणी होण्याची साथ उद्भवून शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांत तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने यकृत बिघडते, आणि भाकरी भाजल्याने किंवा धान्य उकळल्याने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून बुरशी लागलेला मका, काळपट शेंगदाणे किंवा कुबट पेंड कुत्र्यास घालू नये. कोंबड्यांनाही घालू नये, हे ओघाने आलेच.

आता रोजच्या अन्नाविषयी. कुत्रा मांस खाणारा असला तरी हजारो वर्षांच्या माणसाच्या सहवासात तो पिष्टमय अन्न चांगले पचवू लागला आहे. सुमारे १५ किलो वजनाच्या राखणीच्या कुत्र्यास दिवसाला साधारण ९०० ते १,००० उष्मांक लागतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे साडेतीनशे उष्मांक देते. परंतु नुसत्या भाकरीवर कुत्रा पोसला जात नाही; तिच्याबरोबर उकडलेले अंडे, शिजविलेले मांस वा मासे, अथवा निदान घट्ट वरण द्यावे. शिजलेल्या हाडांच्या धारदार कपच्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. ती देऊ नयेत.

मांजराची गोष्ट निराळी आहे. दूधभातावर मांजर जगते असे आपण धरून चालतो, पण मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. गाजरासारख्या भाज्यांतील द्रव्यापासून त्यास अ जीवनसत्त्व बनविता येत नाही. टॉरिन नावाचे द्रव्यही त्यास मांस-मासळीतूनच मिळावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे हृदय दुबळे होते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूधही नीट पचत नाही. उंदीर धरणाऱ्या मांजराची गरज बरीचशी उंदरांतून भागते; तरी त्यास रोज थोडे शिजविलेले मासे किंवा मांस द्यावे. उपाशी मांजर अधिक उंदीर मारते, हा समज मोडावयास हवा. उपाशी मांजर घर सोडून जाते. शाकाहारी घरात मांजर पाळावयाचे असेल, तर बाजारातील मांजरांसाठीचे तयार पूर्णान्न घेणे बरे. कुत्र्यासाठी तो खर्च आवश्यक नाही.

कांदा व लसूण यांनी या दोन्ही प्राण्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मांजरास ते अधिक बाधते. म्हणून फोडणी घालण्यापूर्वीच त्यांच्या वाट्याचे वरण बाजूस काढावे. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिककडील द्राक्षबागांत आणि तासगावकडील बेदाण्याच्या शेडवर राखणीस कुत्री असतात, त्यांच्या धन्यांनी गळलेला माल उचलून ठेवावा. चॉकलेटही विषारीच आहे.

उंदरांसाठी ठेवलेले आमिष कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरावेत. झिंक फॉस्फाइडचे विष काही तासांतच भिनते. ब्रोमाडिओलोनचे परिणाम तीन ते पाच दिवसांनी, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाऊन दिसू लागतात. त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार वेळीच केल्यास जनावर वाचू शकते. अशा वेळी दूध, तूप किंवा तेल पाजण्यात वेळ दवडू नये. विषाचे पाकीट बरोबर घेऊन जनावरास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. कोणते विष पोटात गेले हे कळल्यावाचून पशुवैद्यकास नेमका उपचार करता येत नाही.